सिग्नलवरची थरथर

मे महिन्यातली दुपार, नागपुरातल्या व्हरायटी चौकाचा सिग्नल, एसी फुल्ल, गाडी न्यूट्रलमध्ये. आरशाला टांगलेली माळ वाऱ्याशिवाय हलते आहे. बाटलीतल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठताहेत. आरपीएमचा काटा ८०० वरून ६५० ला पडतो, दचकून ९०० ला जातो, पुन्हा खाली येतो. हीच गाडी सकाळी समृद्धीवर १२० ने कुरकुर न करता गेलेली असते. मालकाची तक्रार ठरलेली: "पिकअप एक नंबर आहे भाऊ, पण उभी राहिली की मिसिंग करून राहिली." पाठोपाठ त्याचं निदानही ठरलेलं: प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल गेली असेल.

कॉइल जातेच, नाही असं नाही. पण रीमॅप केलेली (म्हणजे ईसीयूतला, इंजिनाच्या संगणकातला, पेट्रोल-ठिणगीचा मॅप बदललेली), वेगळा इनटेक म्हणजे हवा घेणारा पाइप लावलेली, डम्प व्हॉल्व (टर्बोचा जास्तीचा दाब सोडणारा) आणि कॅच कॅन (इंजिनाच्या वाफेतलं ऑइल गोळा करणारा डबा) बसवलेली टर्बो गाडी फक्त उभी असताना थरथरत असेल, तर कॉइलच्या आधी विचारायचे चारपाच प्रश्न आहेत. ते न विचारता आधी चार कॉइल, मग चार प्लग, मग थ्रॉटल बॉडी (हवेची झडप) असं बदलत गेलं तर वीसेक हजार रुपये सहज जातात आणि माळ हलायची थांबत नाही.

आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून नुसतं चालू असताना, इंजिन किती हवा खातं हे कळलं की अर्धं कोडं सुटतं. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन गरम असताना सेकंदाला साधारण २ ते ४ ग्रॅम हवा घेतं. तेच इंजिन रीमॅपनंतर १८० बीएचपी देत असेल तर पूर्ण बूस्टवर, म्हणजे टर्बो पूर्ण दाबाने हवा ढकलत असताना, दीडशे ग्रॅमच्या आसपास ओढतं. आता मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळकांड्याला, कुठेतरी दीड मिलिमीटरचं भोक आहे असं धरा. आयडलिंगच्या व्हॅक्यूमला त्यातून सेकंदाला जेमतेम पाव ग्रॅम हवा आत शिरते. ३ ग्रॅमांत पाव ग्रॅम म्हणजे आठ टक्क्यांची चूक. दीडशे ग्रॅमांत तेवढा फरक कुणाच्या लक्षात येणार? वाटीभर वरणात चिमूटभर मीठ जास्त पडलं तर घास गिळवत नाही; लग्नाच्या डेगीत पडलं तर आचाऱ्यालाही कळत नाही. भोक ३ मिलिमीटरचं झालं की तीच हवा एक ग्रॅमच्या पुढे जाते, म्हणजे एक तृतीयांश वरण खारट. पिकअप मस्त आणि आयडलिंग खराब यात विरोधाभास काहीच नाही. त्या भोकाची तक्रार नोंदवायला तेवढीच एक जागा आहे.

हत्यार उचलण्याआधी थरथर कोणत्या जातीची आहे ते ओळखावं. एका लयीत, ठरावीक अंतराने बसणारा धक्का म्हणजे एक सिलिंडर काम करत नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर तो हाताला कळतो: फट, फट, फट, आणि मधेच एक फुसका. काटा वर-खाली झुलतो पण धक्का नाही, हे हवेचं किंवा थ्रॉटलचं दुखणं. काटा अगदी स्थिर, स्कॅनरवर मिसफायर (सिलिंडर न पेटणं) शून्य, तरी स्टिअरिंग आणि सीट दणदणते, तर बघायला हवेत माउंट, म्हणजे इंजिन धरून ठेवणारे आधार. नव्या गाड्यांत हे फार होतं. तीन सिलिंडरचं इंजिन मुळात जास्त हलतं, कंपनी ते मऊ रबराच्या माउंटांनी गिळते. ते काढून पॉलियुरेथेनचे कडक माउंट घातले की इंजिनाची सगळी थरथर थेट बॉडीत उतरते. अशा गाडीला प्लग, कॉइल, इंजेक्टर सगळं नवं घाला, फरक शून्य. हलका फ्लायव्हील (इंजिनाची लय राखणारं चाक) घातला असेल तरी तेच, आणि वर ओव्हरलॅप जास्त असलेला (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व जास्त वेळ एकदम उघडे ठेवणारा) कॅम असेल तर ते इंजिन ८०० आरपीएमला कधीच शांत बसणार नाही. त्याचं आयडलिंग मॅपमध्येच हजाराच्या पुढे ठेवावं लागतं.

मग स्कॅनर. इथे नेहमीची चूक अशी की जोडल्याजोडल्या बिघाडाचे कोड पुसून टाकायचे. कोडसोबत फ्रीझ फ्रेम साठवलेली असते: त्या क्षणी किती आरपीएम होता, पाणी किती गरम होतं, ट्रिम (पेट्रोलची दुरुस्ती, तिच्याबद्दल पुढे) काय होती. ती आधी कागदावर उतरवून घ्यावी. पी ०३०० म्हणजे मिसफायर इकडे-तिकडे फिरतो आहे, पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे त्या-त्या सिलिंडरला चिकटून आहे. फिरता मिसफायर बहुधा हवा किंवा पेट्रोलचा, चिकटलेला बहुधा प्लग, कॉइल, इंजेक्टर किंवा व्हॉल्वचा. चिकटलेल्याची परीक्षा फुकटात होते: दोन नंबरची कॉइल तीन नंबरला लावा आणि तीनची दोनला. मिसफायर कॉइलसोबत सरकला तर कॉइल दोषी. नाही सरकला तर प्लगची अदलाबदल करा. तरीही हलला नाही तर खरेदी थांबवून कॉम्प्रेशन बघा. सिलिंडरा-सिलिंडरांत दहा-पंधरा टक्क्यांच्या आतला फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर लीकडाऊन चाचणी (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती पाहणं) करावी आणि हवा कुठून फुसफुसते ते ऐकावं: इनटेकमधून, सायलेन्सरमधून की ऑइलच्या झाकणातून.

इंजिन चालू करण्याआधी, फक्त इग्निशन लावून, मॅनिफोल्डचा प्रेशर सेन्सर म्हणजे एमएपी काय दाखवतो ते पाहावं. इंजिन बंद असताना त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच, म्हणून इथे ९६ ते ९८ किलोपास्कल यायला हवेत. मुंबईत १०१ दिसतात, म्हणून इंटरनेटवर वाचलेला १०१ चा आकडा इथे शोधत बसू नये. व्हॅक्यूम गेज लावणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं: समुद्रकाठी १७ ते २२ इंच पारा ठीक मानतात, नागपुरात त्यातून सुमारे एक इंच वजा. इग्निशनवर सेन्सर ९० किंवा १०५ दाखवत असेल तर पुढचं सगळं निदान वाळूवर बांधलेलं घर. ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवलं, दिवसभर फोन खणखणले आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. शहराचा खरा उच्चांक २३ मे २०१३ चा ४७.९ च राहिला. गाडीतला सेन्सरही असाच पूर्ण आत्मविश्वासाने खोटं बोलतो, आणि ईसीयूकडे खुलासा करायला दुसरं खातं नसतं.

आता ट्रिम. ईसीयूने मॅपमधल्या आकड्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवलं किंवा कमी केलं ते म्हणजे फ्युएल ट्रिम; तात्पुरती आणि दीर्घ मुदतीची अशा दोन, त्यांची बेरीज पाहायची. ५ टक्क्यांच्या आत वर किंवा खाली असेल तर सोडून द्या, दहाच्या पुढे गेली की कारण शोधा, वीस-पंचवीसला पोचली की पी ०१७१ हा 'मिश्रण पातळ, पेट्रोल कमी' असा कोड लागतो. एकट्या आयडलिंगच्या ट्रिमवर विसंबू नये. गाडी गरम करून आधी आयडलिंगला आणि मग २५०० आरपीएमला एक मिनिट धरून, दोन्ही आकडे शेजारी लिहावेत. आयडलिंगला अधिक १५ आणि २५०० ला अधिक ३ आली तर हवा कुठूनतरी चोरून येते आहे. आयडलिंगला ठीक पण लोडवर वाढत गेली तर पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे पंप, फिल्टर किंवा हवा मोजणारा सेन्सर. आयडलिंगलाच उणे १२ असेल तर टपकणारा इंजेक्टर किंवा उघडा राहिलेला पर्ज व्हॉल्व (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा). टाकी फुल्ल केल्यावर दहा मिनिटं गाडी वेडीवाकडी चालते आणि मग सुधारते, असं असेल तर थेट पर्ज व्हॉल्वचा पाइप काढून त्याच्या तोंडावर बोट ठेवावं. आयडलिंगला तिथे सतत ओढ जाणवता कामा नये.

पण ट्रिमची ही भाषा सगळ्या गाड्यांना सारखी लागू पडत नाही, आणि मोठ्या वर्कशॉपमध्येही इथेच घोळ होताना दिसतो. एअर फिल्टरच्या डब्यातून निघणाऱ्या पाइपवर हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असेल तर चोरून आलेली हवा मोजमापात येत नाही, मिश्रण पातळ होतं, ट्रिम वर चढते. अनेक लहान टर्बो इंजिनांत एमएएफ नसतोच. तिथे ईसीयू मॅनिफोल्डचा दाब आणि हवेचं तापमान पाहून हवेचा हिशेब करतो. चोरटी हवाही त्याच मॅनिफोल्डमध्ये येते, दाबात दिसते, पेट्रोल तिच्या वाट्याचंही टाकलं जातं. ट्रिम शांत. मग गळती ओळखायची कशी? थ्रॉटलवरून. ईसीयू आयडलिंग राखायला थ्रॉटल आणखी मिटतो, नेहमीपेक्षा एखाद-दोन टक्के कमी. गळती त्याच्या आवाक्याबाहेर गेली की आरपीएम वर जातो, ईसीयू स्पार्कचं टायमिंग मागे घेऊन त्याला दाबू पाहतो, आणि झुलणारा काटा दिसतो तो या ओढाताणीचा. गळती एकाच सिलिंडरच्या रनरजवळ (मॅनिफोल्डच्या त्याच्याकडे जाणाऱ्या नळीजवळ) असेल, समजा इंजेक्टरच्या ओ-रिंगशी, तर आणखी गंमत. बेरीज बरोबर येते, पण ती जास्तीची हवा एकटा तो सिलिंडर पितो आणि तोच मिसफायर होतो. ट्रिम ठीक, कॉइल ठीक, प्लग ठीक, आणि गाडी थरथरते.

म्हणून भोक शोधण्याआधी कोणत्या पाइपात कोणत्या वेळी काय दाब असतो हे डोक्यात पक्कं हवं. फिल्टर ते टर्बो या तुकड्यात कायम हलकी ओढ असते. तिथे चीर असेल तर एमएएफ गाडीत न मोजलेली हवा आणि धूळ दोन्ही टर्बोच्या पंख्यात. कोराडीकडच्या रस्त्यावर रोज धावणाऱ्या गाडीला हे परवडणारं नाही. टर्बो ते थ्रॉटल, म्हणजे इंटरकूलर आणि त्याचे पाइप: आयडलिंगला इथे जवळजवळ बाहेरच्याइतकाच दाब, त्यामुळे सैल क्लिपचा आयडलिंगवर फारसा परिणाम नाही. मात्र बूस्टवर मोजलेली हवा बाहेर फुंकली जाते, पेट्रोल जास्त पडतं, काळा धूर आणि 'फुस्स' असा आवाज. थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डमध्ये: आयडलिंगला जोरदार ओढ, बूस्टवर दाब. आयडलिंगचा खरा गुन्हेगार बहुतेक वेळा या तिसऱ्या तुकड्यात सापडतो. तरी लोक इंटरकूलरच्या क्लिपा आवळत बसतात, कारण त्या समोर दिसतात आणि हाताला लागतात.

तिसऱ्या तुकड्यात काय काय येतं? मॅनिफोल्डचं गॅस्केट, इंजेक्टरच्या ओ-रिंगा, ब्रेक बूस्टरचा जाड पाइप आणि त्यातला एकदिशा व्हॉल्व, पर्जची नळी, पीसीव्हीची (इंजिनाच्या पोटातली वाफ इनटेकला परत नेणारी) नळी, बूस्ट गेजसाठी टाकलेली टी, डम्प व्हॉल्वची सिग्नल नळी. आणि ती काळी रबरी टोपी. कॅच कॅन बसवताना मॅनिफोल्डवरचं मूळ तोंड मोकळं पडतं, त्यावर चार-पाच रुपयांची रबरी टोपी चढवून देतात. बसवल्या दिवशी झकास. नागपूरच्या दोन उन्हाळ्यांत, टर्बोच्या शेजारी, तिचं रबर कडक होतं. वरून पाहिलं तर काळी, गुळगुळीत, धडधाकट. काढून दोन बोटांत हळूच ताणली की बुडाशी केसाएवढ्या भेगा उघडतात, शाळेतल्या जुन्या खोडरबरासारख्या. गरम झाल्यावर भेग रुंदावते, थंड असताना मिटते, म्हणून सकाळी घरून निघताना गाडी शांत आणि दुपारी सिग्नलवर अंगात आल्यासारखी. तिथे सिलिकॉनची टोपी आणि क्लिप, किंवा सरळ पितळी प्लग घालावा. बूस्टवर टोपी उडून जाऊ नये म्हणूनही क्लिप हवीच.

गळती शोधायचे दोन मार्ग, आणि ते एकाच कामाचे नाहीत. पहिला धूर: अर्धा ते एक पीएसआय एवढ्याच दाबाने धूर इनटेकमध्ये सोडायचा. इंजिन बंद असताना इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल थोडा उघडा राहतो, तेवढ्यातून धूर मॅनिफोल्डपर्यंत पोचतो. दिवा तिरका धरून पाच मिनिटं थांबावं. घाई केली तर बारीक गळती निसटते. अगरबत्ती फिरवून धूर कुठे ओढला जातो ते पाहण्याचा घरगुती उपाय बरेच जण सांगतात. पेट्रोलच्या इंजिनाशेजारी, जिथे ओ-रिंग गळत असू शकते तिथेच, निखारा फिरवायचा? अजिबात नको. तापलेल्या टर्बोवर कार्ब क्लीनरचा फवारा मारणंही त्याच जातीचं धाडस आहे.

दुसरा मार्ग दाबाचा, तो बूस्टच्या बाजूसाठी. टर्बोच्या तोंडाच्या मापाचं पीव्हीसीचं एन्ड कॅप हार्डवेअरमधून आणावं, त्याला साडेअकरा मिलिमीटरचं भोक पाडून ट्यूबलेस टायरचा साधा व्हॉल्व ओढून बसवावा, टर्बोच्या तोंडाला सिलिकॉन होजने जोडावं. कॉम्प्रेसरला रेग्युलेटर असलाच पाहिजे. पंक्चरवाल्याची टाकी आठ बारवर असते आणि तो दाब थेट सोडला तर आधी क्रँकचं सील सुटतं. ०.७ बारपासून सुरुवात, गाडीच्या नेहमीच्या बूस्टपेक्षा जास्त नाही, आणि ब्रीदरची नळी चिमटून धरायची म्हणजे दाब क्रँककेसमध्ये जाणार नाही. मग बादलीत निरम्याचा फेस करून ब्रशने प्रत्येक जोडावर लावायचा. ऐकू न येणारी गळती बुडबुड्यांत दिसते. कॅपच्या समोर कुणी उभं राहायचं नाही. सुटली तर गोफणीतल्या दगडासारखी येते.

डम्प व्हॉल्वबद्दल स्वतंत्र बोलायला हवं, कारण 'पश्श' आवाजाचा मोह मोठा. कंपनीचा व्हॉल्व हवा परत टर्बोच्या तोंडाकडे सोडतो. बाहेर सोडणारा लावला आणि गाडी एमएएफची असेल, तर दोन दुखणी. गिअर बदलताना मोजलेली हवा बाहेर गेल्यामुळे क्षणभर मिश्रण घट्ट होतं, हे एक. दुसरं आयडलिंगचं: व्हॉल्वच्या डोक्यावर मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम असतो, आतली स्प्रिंग मऊ असेल तर तो आयडलिंगलाच पिस्टन उचलून धरतो आणि त्या तोंडातून न मोजलेली हवा आत येते. तपासायला दोन मिनिटं पुरतात: व्हॉल्वची सिग्नल नळी काढून तिचं तोंड बंद करा. आयडलिंग बसलं तर स्प्रिंग कडक घाला, किंवा मूळ व्हॉल्व परत लावा. मी तर परत लावा असंच म्हणेन. दाबावर चालणाऱ्या एमएपी गाडीत मात्र हाच व्हॉल्व आयडलिंगपुरता निर्दोष असतो, त्याची सिग्नल नळी फाटलेली नसली म्हणजे झालं.

इनटेकचं गणितही असंच फसवं. एमएएफ सेन्सर मूळ ७० मिलिमीटरच्या नळीतून काढून ७६ च्या नळीत बसवला तर क्षेत्रफळ जवळपास १८ टक्क्यांनी वाढतं. सेन्सर आपल्यासमोरून जाणाऱ्या हवेचा वेग बघतो, नळी रुंद झाली हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मॅपमध्ये नवं स्केलिंग नसेल तर ट्रिम कायमची अधिक १८ च्या आसपास चिकटते आणि ईसीयूकडे पुढे सावरायला जागा उरत नाही. तेल लावायचा कॉटन फिल्टर असेल आणि धुतल्यावर तेल सढळ हाताने लावलं असेल, तर तेलाचा पापुद्रा सेन्सरच्या तारेवर बसतो. तार साफ करायला एमएएफसाठीचाच क्लीनर वापरावा, कापूस किंवा काडी लावू नये.

प्लगच्या गॅपमध्ये (ठिणगी उडते त्या फटीत) खरी तडजोड आहे. बूस्टवर ठिणगी विझू नये म्हणून रीमॅपवाले गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटरवर आणतात, ते बरोबर. काही जण उत्साहात ०.५ ला नेतात. मग पूर्ण लोडवर झकास, पण आयडलिंगच्या विरळ हवेत एवढी छोटी ठिणगी मिश्रणाला नीट पेटवत नाही आणि मधूनमधून मिसफायर. तेच फार थंड हीट रेंजच्या (उष्णता लवकर बाहेर टाकणाऱ्या) प्लगचं. सीताबर्डीच्या गर्दीत रोज अर्धा तास सरपटणाऱ्या गाडीत तो स्वतःला जाळून साफ करण्याइतका तापत नाही, काळा पडतो. एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड, बॉशचा उलट. दुकानात हा घोळ हमखास होतो. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये १४ मिलिमीटरचा गॅस्केटवाला प्लग २५ ते ३० न्यूटन मीटरवर, १२ चा १५ ते २० वर.

मोठे इंजेक्टर टाकलेल्या गाडीत एसीचा पंखा लागला की आयडलिंग पडतं, यालाही कारण आहे. इंजेक्टरला करंट मिळाल्यापासून प्रत्यक्ष उघडेपर्यंत जो वेळ वाया जातो तो बॅटरीच्या व्होल्टेजवर ठरतो. मूळ इंजेक्टर आयडलिंगला २.४ मिलिसेकंद चालतो, त्यात ०.९ वाया, म्हणजे कामाचे १.५. दुप्पट मापाच्याला कामाचे फक्त ०.७५ लागतात. वाया वेळेच्या तक्त्यात ०.१ ची चूक असेल तर मूळ इंजेक्टरला सात टक्के फरक, मोठ्याला तेरा. पंखा लागला, व्होल्टेज १४.२ वरून १३.५ ला आलं, तक्ता चुकीचा, गाडी गचकली. अशा वेळी अल्टरनेटर आणि अर्थची पट्टी आधी पाहावी: बॅटरीच्या उण्यापासून इंजिन ब्लॉकपर्यंत लोडवर ०.२ व्होल्टपेक्षा जास्त पडता कामा नये. ते ठीक असेल तर मॅप करणाऱ्याकडे त्या नेमक्या इंजेक्टरचा तक्ता मागावा.

पेट्रोलही बदललंय. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई-१० ला (१० टक्के इथेनॉल मिसळलेल्याला) १४.१, ई-२० ला १३.५ च्या आसपास. काही वर्षांपूर्वी ई-१० वर केलेला मॅप आज ई-२० पितो तेव्हा अधिक ४ ची ट्रिम काहीही बिघडलेलं नसताना दिसते. ती वजा करूनच बाकीच्या गळतीचा हिशेब करावा.

एक विसंगती लक्षात ठेवण्यासारखी आहे: ट्रिम म्हणते पेट्रोल कमी पडतंय, प्लग काढला तर काळाकुट्ट. दोघांपैकी खरं कोण? प्लग. नवा डाऊनपाइप (टर्बोतून धूर बाहेर नेणारा पाइप) बसवताना फ्लँजचं गॅस्केट नीट बसलेलं नसतं. आयडलिंगला एक्झॉस्टच्या दोन ठोक्यांच्या मधल्या ओढीत तिथून बाहेरची हवा आत येते, ऑक्सिजन सेन्सरला ती दिसते, तो ओरडतो 'पातळ', आणि ईसीयू पेट्रोल वाढवत जातो. जळलेल्या जोडाशी काजळीचा पंख्यासारखा डाग शोधावा. न पेटलेला सिलिंडरही सेन्सरला असाच फसवतो, कारण त्याचा न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो. इथे पंपावरचं पीयूसीचं मशीन कामाला येतं, लोक त्याला नुसता कागद देणारं यंत्र समजतात. बीएस-४ पासूनच्या पेट्रोल गाडीला आयडलिंगला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) २०० पीपीएम ही मर्यादा. एचसी भरमसाट आणि सीओ नगण्य म्हणजे पातळ मिश्रणाचा मिसफायर, सीओच चढलेला म्हणजे पेट्रोल जास्त. शंभर-दीडशे रुपयांत एवढं उत्तर दुसरीकडे मिळत नाही.

पीसीव्हीचं पाहायला गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण उचला. हलकी ओढ ठीक. झाकण दोन्ही हातांनी उपटावं लागलं, सोबत शिट्टी येत असेल आणि उचलताच आयडलिंग बदललं, तर आतला पडदा फाटला आहे. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.८ आणि २.० टीएसआयवाल्यांनी इथूनच सुरुवात केली तरी चालेल. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल टाकणाऱ्या इंजिनांत इनटेक व्हॉल्ववर काजळी साचते ती वेगळीच गोष्ट. पेट्रोल त्या व्हॉल्ववरून कधी वाहतच नाही, धुतलं जाणार कुठून? थंड सुरुवातीला मिनिटभर मिसफायर आणि गरम झाल्यावर गायब, ही तिची खूण. टाकीत ओतायच्या बाटल्यांचा इथे उपयोग शून्य. मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलाच्या भुकटीचा मारा करावा लागतो. फियाट लिनियाच्या टी-जेटसारख्या पोर्ट इंजेक्शनवाल्यांना ही चिंता नाही.

आणि दुखणं नसलेलं एक दुखणं. ४५ अंशांत दहा-पंधरा मिनिटं उन्हात उभी करून पुन्हा चालू केली की गाडी क्षणभर अडखळते. इनटेकच्या हवेचा सेन्सर ७० दाखवतो, रेलमधल्या पेट्रोलला बुडबुडे आलेले असतात. दोन-तीन मिनिटं चालल्यावर हे गेलं तर काही उघडू नका. पहिल्या पावसानंतर सुरू झालेली थरथर मात्र कॉइल उचलून, प्लगच्या विहिरीत पाणी किंवा ऑइल आहे का ते बघितल्याशिवाय सोडू नये.

काम झालं की आधीच्या ट्रिम पुसून, इग्निशन चालू आणि इंजिन बंद ठेवून स्कॅनरने थ्रॉटलचं ॲडॅप्टेशन (ईसीयूला त्याची जागा नव्याने शिकवणं) करून घ्यावं. थ्रॉटल बॉडी साफ केली असेल तर हे चुकवलं की काटा आणखी झुलतो. त्यानंतर पन्नासेक किलोमीटर शहरात आणि बाहेर मिळून चालवा, आणि दुपारच्याच उन्हात, एसी फुल्ल ठेवून, पुन्हा दोन्ही ट्रिम आणि आरपीएम लिहून काढा. काटा ३० आरपीएमच्या आत राहिला आणि ट्रिम ५ टक्क्यांच्या आत, तर बॉनेट लावण्याआधी ट्रेमध्ये उरलेल्या क्लिपा मोजा. एक जरी जास्त निघाली तर ती कुठल्या पाइपाची, ते आधी शोधा.